शनिवारचं पाणी

२ मार्च

नवी वही. जुनीची कोरी पानं मावशीने अर्जाचे मसुदे करायला फाडून नेली, आणि वर म्हणाली, "तुझ्या कादंबरीत तसंही काही घडत नव्हतं."

आता तिच्याकडे घडतंय. मावशी, वय बावन्न, सिटी बसची ड्रायव्हर, पोहायला शिकणार आहे. नुसती शिकून थांबणार नाही, जीवरक्षकाची परीक्षा देणार आहे.

कारण असं. टेकडीवरचा तलाव नगरपालिकेचा आहे, तिकीट काढून कुणीही जावं. पण पोरांचा घोळका घेऊन जायचं असेल तर वस्तीने स्वतंत्र तास मागायचा. आणि तास मागणाऱ्या वस्तीकडे स्वतःचा, परीक्षा पास झालेला जीवरक्षक हवा. टेकडीवर प्रत्येक गल्लीत असे दोन-चार सापडतील, गोऱ्यांची पोरं चालायच्या आधी पोहतात. आमच्या खालच्या, काळ्यांच्या वस्तीत एक नाही, कारण कुणाला पोहताच येत नाही, कारण शिकणार कुठे, कारण तास नाही. व्यवस्थापक फार सभ्य माणूस आहे म्हणे. मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "अटीत रंगाचा उल्लेखसुद्धा नाही, बाई. तुम्हीच वाचून बघा."

मावशीने वाचून बघितलं. खरंच नव्हता. मग म्हणाली, "बरं. मीच होते जीवरक्षक."

मागच्या उन्हाळ्यात नदीच्या धक्क्यापाशी दोन पोरं बुडाली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात एक. मग वस्तीत काही दिवस कुणी रेडिओ लावत नाही, मग लावतात. मावशीला जूनमधली सुट्टी लागायच्या आत तास हवाय.

माझं काम: अर्ज लिहिणं आणि टॉवेल धरणं. बी.ए. कुठेतरी उपयोगी पडलं.

५ मार्च

आईने मावशीशी बोलणं टाकलंय. म्हणजे बोलते, पण माझ्यामार्फत. "तुझ्या मावशीला सांग, चहा गार होतोय." मावशी समोरच बसलेली.

रात्री जेवताना मात्र सुटली. "एक गेला तेवढं पुरे नाही का झालं तुला?"

हे बाबांबद्दल असणार. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. पण ते बसने गेले, आणि बरोबर औषधाच्या दुकानातली ती बाई गेली. त्यात पाण्याचा काय संबंध ते आईलाच ठाऊक. मावशी भिंतीवरच्या मामाच्या फोटोकडे बघत भात चिवडत राहिली. या मामाला मी पाहिलेलं नाही, सहा वर्षांचा असतानाच तापाने गेला, असं सांगतात. फोटोत पुढचा दात पडलाय आणि तरी हसतोय.

"आपली हाडं जड असतात," आई म्हणाली. "आपण तरंगत नाही. शाळेच्या पुस्तकात धडाच होता. मी पाठ म्हणून दाखवला तर बाईंनी शाबासकी दिली होती."

"मलाही दिली होती," मावशी म्हणाली. "त्याच बाई."

९ मार्च

पोहण्याचा पोशाख. दुकानातले सगळे टेकडीवाल्यांच्या अंगाच्या मापाचे आणि त्यांच्याच खिशाच्या मापाचे. म्हणून शेजारच्या शिवणकामवाल्या काकूंनी शिवला. छत्रीचं कापड वापरलं. "पाणी धरत नाही, हमी देते," असं काकू म्हणाल्या. मावशी घालून आरशासमोर उभी राहिली, मागेपुढे वळून बघितलं.

"कशी दिसते?"

"उघडलेली छत्री," मी म्हणाले.

"मिटलेली म्हणायचं असतं, कार्टे. मावशीला बारीक म्हणायची संधी सोडू नये."

१२ मार्च

पहिला दिवस. पोहता न येणाऱ्यांना लहान मुलांच्या कुंडातच उतरावं लागतं. मावशीच्या मांडीपर्यंत पाणी. भोवती तीन-चार वर्षांची गोरी पोरं, हाताला फुगे बांधलेली. त्यांच्यात मावशी, काळी कुळकुळीत, छत्रीच्या कापडात, डोक्याला आंघोळीची टोपी. एका पोराने तिला विचारलं, "तू पण मोठ्या पाण्यात जात नाहीस?" मावशी म्हणाली, "अजून परवानगी नाही रे. तू?" तो म्हणाला, "मलापण नाही." मग दोघं शेजारी शेजारी काठाला धरून पाय मारत बसले. थोड्या वेळाने त्याची आई आली आणि त्याला उचलून पलीकडच्या काठाला घेऊन गेली. जाताना हसलीसुद्धा.

शिकवणारी बाई साठीची आहे, गोरी, कडक. गळ्यात शिट्टी. बोलण्यापेक्षा शिट्टी जास्त वाजवते. आम्ही तिला शिट्टीबाई म्हणायला लागलोय.

मी पाण्यात उतरले नाही. वही भिजली असती.

१३ मार्च

मावशी पाणी प्यायली. पुष्कळ.

१७ मार्च

मावशीला पहाटेची बस असते, ती संपवून तलावावर, तिथून पुन्हा दुपारची बस. बावीस वर्षं ती टेकडीच्या मार्गावर गाडी चालवतेय. तलावाचा थांबा रोज स्वतः ओरडून सांगते. "तलाव, तलाव, उतरणारे पुढे या." आज म्हणाली, "एवढी वर्षं मी लोकांना इथे उतरवलं, पण मी उतरावं असं मनातसुद्धा आलं नाही बघ. कुणी अडवलं असतं तर भांडले तरी असते."

मी हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचतेय. मला असं वाक्य सुचत नाही. तिला इंजिन बंद करता करता सुचतं.

१९ मार्च

परतताना गुलाबबागेत बसलो, मावशीचे पाय दुखत होते म्हणून. नदीकाठची बाग. लहानपणापासून येतेय मी. वाफ्याच्या कडेला वाकवलेल्या लोखंडी नळ्यांची एक जोडी जमिनीतून वर आलेली आहे, आम्ही पोरं तिला घोडा म्हणायचो.

"शिडी आहे ती," मावशी म्हणाली.

मी हसले. शिडी खाली जाते की वर?

खाली जाते. इथे तलाव होता. शहरातला सगळ्यात मोठा, फक्त गोऱ्यांसाठी, तशी पाटीच होती. आमच्या लोकांनी खटला भरला आणि जिंकला. कोर्ट म्हणालं, सगळ्यांना पोहू द्या. नगरपालिका म्हणाली, बरं, मग कुणीच नको. एका आठवड्यात ट्रकने माती ओतली आणि गुलाब लावले. गोऱ्यांनी टेकडीवर दुसरा बांधला. आमच्या लोकांनी काय केलं? "दुकानापुढे रांग लावतात तसे आमचे आई-बाबा कपडे काखोटीला मारून दारापाशी आले होते," मावशी म्हणाली. "माती पडताना बघून परत गेले. मग गुलाब फुलले. गुलाबांवर कोण चिडणार?"

मी घोड्यावर बसले होते ते उतरले.

२३ मार्च

तरंगली.

शिट्टीबाईने सांगितलं, छाती भरून श्वास घ्या, डोकं मागे टाका, काही करू नका. मावशीला शेवटचं जमेना. बस चालवणाऱ्या बाईला काही न करणं कसं जमणार. पाय ब्रेक शोधतात. मग एकदा जमलं. पोट वर, छत्रीचं कापड फुगलेलं, डोळे मिटलेले. किती तरी वेळ. शिट्टीबाई म्हणाली, "तरंगल्यात," हजेरी लावतात तशी. पण शिट्टी वाजवायची विसरली.

मावशीने डोळे उघडले तर रडत होती, किंवा पाणी असेल, तलावात काय कळतं. म्हणाली, "ताईला सांग, बाईंनी शाबासकी उगाच दिली."

सांगितलं. आई म्हणाली, "भाजी बघ जरा, लागेल."

२ एप्रिल

मोठ्या पाण्याची परवानगी. मावशी दोऱ्यांनी आखलेल्या एका पट्ट्यात उतरली आणि शेजारच्या पट्ट्यातल्या दोघांना एकदम आठवलं की आपल्याला घरी काम आहे. मग पलीकडच्या बाईलाही आठवलं. मावशी मला पाण्यातून ओरडून म्हणाली, "बघ, अख्खा रस्ता मोकळा. बस घेऊन फिरते तेव्हा असं का नाही होत?"

मी हसले, पण ती इतकी कशी हसू शकते? मी असते तर व्यवस्थापकाच्या तोंडावर टॉवेल फेकला असता. खरं सांगायचं तर कधीकधी वाटतं, ती हे वर्तमानपत्रात फोटो यावा म्हणून करतेय. किंवा कंटाळलीय म्हणून. लग्न नाही, मुलं नाहीत, बस आणि आम्ही. हे लिहिताना लाज वाटतेय पण वहीत नाही लिहायचं तर कुठे.

मी उतरले नाही. सर्दी होती.

११ एप्रिल

अडलं.

परीक्षेत तलावाच्या तळाशी एक रबरी बाहुला टाकतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढा, आत वजन भरलेला. तो वर आणायचा, एका दमात. मावशी पोहते छान, सराईतासारखी, पण खाली जाता येत नाही. डोकं खाली घालते, पाय हवेत, आणि पुन्हा बुचासारखी वर. आज दहा-बारा वेळा. शिट्टीबाई म्हणाली, "तुम्ही फार तरंगता."

घरी येऊन मावशी स्वयंपाकघरात खाली बसली. "अख्खं आयुष्य मला सांगितलं की तू बुडशील. आता बुडायचंय तर बुडू देत नाहीत."

आणि आई हसली. किती महिन्यांनी. पातेलं खाली ठेवून, पदर तोंडाला लावून हसली. मग सरळ मावशीकडे बघून बोलली, माझ्यामार्फत नाही.

"छाती भरून गेलीस तर वरच येणार. अर्धा श्वास सोडायचा. सगळा नाही. अंग आपणहून खाली जातं, शांतपणे, पाय मारायला लागत नाही."

"तुला कसं माहीत?"

"आई पिंपात करायला लावायची आम्हाला. अर्धा सोड, तळाशी बस, ये वर. तिला तिच्या आईने शिकवलं होतं. पाणी वापरायच्या आधी रोज एकदा. का ते कुणी विचारलं नाही. खेळ होता."

"मला नाही शिकवलं कधी."

"तुझ्या वेळेला बंद केलं," आई म्हणाली. "त्यानंतर बंदच केलं."

कशानंतर, हे मी विचारायच्या आत आई बाहेर कपडे काढायला गेली. कपडे सकाळीच काढले होते.

१२ एप्रिल

झोप नाही. कॉलेजात इतिहासाला एक प्रकरण होतं. जहाजात घालून इथे आणायच्या आधी आमचे लोक समुद्रात बुड्या मारून शिंपले काढायचे. तोच धंदा होता, बायकांचासुद्धा. इथे आल्यावर मळे, आणि मळ्याची हद्द म्हणजे नदी. नदी पोहून गेलं की माणूस सुटला. कितीतरी गेले. मग मालकांनी पोहण्यावर बंदी घातली, केस ओले दिसले तरी फटके. मग आयाच पोरांना पाण्याची भीती घालायला लागल्या, फटके वाचावेत म्हणून. पुढे मालक गेले, तर विद्वान आले आणि म्हणाले, यांना पोहता येत नाही कारण यांची हाडं जड. मग पाटी. मग माती. मग अट, ज्यात रंगाचा उल्लेख नाही.

प्रत्येक पिढीने नवं कारण शोधलं आणि प्रत्येक वेळी आमची पोरं काठावरच राहिली.

हे सगळं मला येत होतं. बारा गुणांना. पण त्यातली अर्धी बुडी आमच्या न्हाणीतल्या पिंपात होती, खेळ म्हणून, हे पुस्तकात नव्हतं. कुठल्यातरी खापरपणजीने बंदी पाळली आणि तरी पोरीच्या अंगात एवढं ठेवून दिलं. खाली कसं जायचं ते.

१५ एप्रिल

आई मावशीला पिंपापाशी शिकवतेय. "अर्धा म्हटलं ना, अर्धा. तू बसमध्ये माणसं भरतेस तसा श्वास भरतेस." दोघी बहिणी न्हाणीत, दार उघडं. आमच्या घरात न्हाणीचं दार आतून लावायचं नाही असा आईचा नियमच आहे, कडीच काढून टाकलीय. लहानपणी मला त्याची किती चीड यायची.

३ मे

परीक्षा.

आई आली. येणार नाही म्हणत होती, पण बसमध्ये आमच्या आधी जाऊन बसली होती, हातात पिशवी, नातेवाइकाला दवाखान्यात बघायला निघाल्यासारखी. काकू आल्या, वस्तीतल्या बायका आल्या. टेकडीवरचे परीक्षार्थी सगळे विशीतले. त्यांच्यात मावशी.

ठरलेलं अंतर पोहायचं झालं. माणूस ओढून आणायचं झालं. एका लांबट गोऱ्या पोराला ओढत आणताना मावशी त्याला म्हणत होती, "सैल सोड अंग, घाबरू नकोस," आणि तो खरंच घाबरला होता.

मग बाहुला. खोल बाजूला टाकला, गेला खाली. मावशी काठाशी उभी राहिली. श्वास घेतला, आणि मी ऐकला, तिने सोडला, अर्धा. पाण्यात सरळ उभी खाली गेली. पाणी उडालंसुद्धा नाही. आईने माझं मनगट धरलं होतं, अजून वळ आहे.

वेळ गेला. फार गेला असं वाटलं. शिट्टीबाईने शिट्टी तोंडात धरली.

मग आधी बाहुल्याचं डोकं वर आलं, मग मावशीचं. काठाशी आली. नियम असा की बाहुला काठावर ठेवायचा आणि हात वर करायचा. मावशीने ठेवला नाही. छातीशी धरून तशीच राहिली. शिट्टीबाई म्हणाली, "ठेवा आता." मावशीला ऐकूच गेलं नसावं. तेवढ्यात आई माझ्या हातातला टॉवेल ओढून गुडघ्यांवर बसली आणि तिने त्या बाहुल्याचं तोंड पुसलं, नीट, कानांच्या मागेसुद्धा. मग मावशीने सोडला. रबराच्या बाहुल्याला पुसायची काय गरज, पण आईला ओलं काही बघवतच नाही.

शिट्टीबाई दोघींकडे बघत राहिली. मग तिने कागदावर खूण केली आणि म्हणाली, "वेळेत."

पास.

१७ मे

अर्ज दिला. व्यवस्थापकाने पुन्हा खुर्ची दिली. शनिवार सकाळचा तास मिळाला, सात ते आठ. आमच्यानंतर लगेच सदस्यांचा तास, म्हणजे वर्षाची वर्गणी भरणाऱ्या टेकडीवाल्यांचा. वस्तीत घरोघर सांगून आले. काकूंनी छत्र्यांच्या दुरुस्तीवाल्याकडचं सगळं कापड उचललंय.

मावशीचा फोटो वर्तमानपत्रात आला नाही. तिने चौकशीही केली नाही. माझा अंदाज साफ चुकला होता, तो इथे खोडत नाही, राहू दे.

२४ मे, शनिवार

पहिला तास. वीस-पंचवीस पोरं, आठ-दहा बायका. मावशी उंच खुर्चीवर, गळ्यात स्वतःची शिट्टी.

दहा मिनिटांत पोरं रडायला लागली. डोळे लाल, अंगाला खाज. एक पोरगी खोकत काठावर आली. मला वाटलं नवखी आहेत म्हणून. मावशी खाली उतरली, पाण्याचा वास घेतला आणि शिट्टीबाईकडे गेली.

"क्लोरीन किती टाकलंय?"

शिट्टीबाईने इकडेतिकडे बघितलं. "आजपासून शनिवारी जास्त टाकायला सांगितलंय."

"शनिवारीच का?"

"तुमच्यानंतर सदस्य उतरतात ना."

तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता मावशी फुटणार. मी तर टॉवेल मुठीत आवळून तयारच होते. मावशीने सगळ्या पोरांना बाहेर काढलं, नळाखाली उभं केलं, डोळे धुवायला लावले. मग कपाटातून काचेची नळी आणि थेंबांची बाटली आणली. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, जितकं पिवळं तितकं औषध जास्त. शिकवलं होतं त्यांना, परीक्षेत होतं. पाणी हळदीसारखं झालं. मावशी शांतपणे खांबापाशी गेली आणि तिने लाल बावटा चढवला.

तलाव बंद.

व्यवस्थापक धावत आला. "बाई, आत्ता सदस्य येतील."

"आलेत," मावशी म्हणाली. खरंच आले होते. पांढरे गाऊन, चपला, काखेत टॉवेल. "त्यांचे पण डोळे जळतील. पाणी उतरायच्या लायकीचं नाही. तुम्हीच मला जीवरक्षक केलंत. मी कुणालाही आत सोडू शकत नाही."

"हे तुमच्या तासापुरतं होतं, नंतर आम्ही..." तो थांबला. अर्धं वाक्य सगळ्यांनी ऐकलं होतं.

"नंतर काय?" मावशी म्हणाली.



एक म्हातारे सदस्य पुढे आले, चिडलेले नव्हते, चक्रावलेले होते. "मी जन्मभर पोहतोय. आमचा तलाव कधी बंद झाला नाही."

"आमचा झाला होता," मावशी म्हणाली. "तुम्ही बसा ना सावलीत. पाण्यातलं औषध उतरायला दुपार होईल."

आणि ते बसले. कुठे जाणार? बाकावर आमच्या बायका, आमची ओली पोरं आणि गाऊन घातलेले सदस्य, सगळे रांगेत, लाल बावट्याखाली. काकूंनी एका बाईच्या गाऊनची शिवण उसवलेली दाखवली. त्या बाईने कितीत शिवून द्याल विचारलं. शिट्टीबाई थोडा वेळ दारात उभी राहिली, मग येऊन मावशीच्या खुर्चीशेजारी उभी राहिली.

मी मावशीकडे बघत होते. ओरडली नाही, रडली नाही, कुणाला काही ऐकवलं नाही. बाईने फक्त काम केलं. इतकी वर्षं मी जिला हसतखेळत सगळं सोसणारी समजत होते, ती सोसत नव्हतीच.

२६ मे

शिट्टीबाई बसमध्ये भेटली. उतरताना मावशीला म्हणाली, "मी सव्वीस वर्षं आहे तिथे. परवा मला वास येत होता." मावशीने दार उघडं धरलं. थांबा सोडून गाडी जरा जोरात काढली एवढंच.

३१ मे, शनिवार

पावणेसातला मावशीने नळी हातात घेतली. व्यवस्थापक शेजारी, शिट्टीबाई शेजारी, दारात आमची सगळी गर्दी, आणि यावेळी आई काठावर, पाय पाण्यात सोडून. थेंब टाकले. मावशीने नळी उजेडाकडे धरली, व्यवस्थापकाला दाखवली, मग शिट्टी वाजवली. पोरं धबाधबा आत.

मग तिने माझ्याकडे बघितलं. वही आईकडे दे म्हणाली. सर्दी नव्हती. दुसरं काही सुचेना.

आज पाणी नुसतं पाणी होतं. खात्रीने सांगते, बरंच प्यायले.